साडूचं ब्रेकचं तेल

१ जानेवारी १९४०, सोमवार. केनवड.
इंग्रजी वर्ष आजपासून सुरू. सुधारलेल्या माणसाने इंग्रजी वर्षालाही संकल्प करावा असं माझं मत आहे. म्हणून संकल्प. एक, रोजनिशी रोज लिहिणे. दोन, मोटार स्वतः चालवणे, ड्रायव्हर न ठेवणे. तीन, जगदेवचा विचार न करणे.

जगदेव म्हणजे माझा साडू. मानोऱ्याचा. माझ्या बायकोची, म्हणजे प्रयागची, धाकटी बहीण तुळसा त्याला दिलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने मोटार घेतली. मी दिवाळीनंतर घेतली. त्याच्या मुलाच्या जावळाला जाऊन आल्यावर लगेच घेतली, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आमचं लग्न त्यांच्या किती तरी आधीचं. असो. शेती मोठी असली की मोटार लागतेच.

माझी गाडी सेकंडहँड आहे, पण काळी आहे. काळा रंग भारदस्त. त्याची हिरवी. पोपटासारखी.

२ जानेवारी.
तिसरा संकल्प सकाळीच मोडला. माझा दोष नाही. अंगणातल्या बोरीवर पोपट येऊन बसला.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.
मोटारीने मानोऱ्याला गेलो. प्रयाग शेजारी. हॉर्न मुद्दाम फार वाजवला नाही. गावात शिरल्यापासून त्याच्या दारापर्यंतच वाजवला.

जगदेव पोराला कडेवर घेऊन बाहेर आला. पोराचं नाव पुंजाजी, त्याच्या आज्याचं. गाडीकडे पाहून जगदेव एक शब्द बोलला नाही. आतून पुरता जळाला. मग पोरगं माझ्या हातात दिलं आणि सरळ माझ्या गाडीत, माझ्या जागेवर जाऊन बसला! पायाने ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाला, "इंद्रभानभाऊ, पेडल लय खाली जाऊन राह्यलं. तेल कमी झालं असंन."

या नव्या गाड्यांचे ब्रेक तेलावर चालतात. ड्रायव्हरच्या पायाशी, फळीच्या खाली, एक लोखंडी डबी असते. तिच्यात तेल. पेडल दाबलं की ते तेल नळ्यांतून चारही चाकांना जोर पोचवतं. हे मला माहीत होतंच. डबी कुठे आहे एवढंच माहीत नव्हतं.

त्याने सगळ्यांच्या देखत पायाखालची चटई वर केली, फळी उचलली, डबीभोवतीची धूळ फडक्याने पुसली, बूच उघडलं, आत पाहिलं. माझ्या गाडीचं पोट असं चारचौघांत उघडं करायची काय गरज होती? तुळसा बघते आहे, प्रयाग वाकून वाकून बघते आहे. "तोंडापासून बोटभर खाली पायजे, हे तर तळाले गेलं," म्हणाला. आणखी कोणतं तेल घालायचं, कोणतं घालायचं नाही, रबर, असं बरंच काही सांगत होता. मी ऐकलं नाही. पोराने माझी मिशी धरली होती.

परतताना प्रयाग म्हणाली, जगदेवभाऊजी किती समजावून सांगतात. मी गाडीचा वेग वाढवला.

१५ जानेवारी.
मागच्या सीटवर तिळगुळाच्या पुडीखाली एक डबा निघाला. ब्रेकचं तेल. जगदेवने गुपचूप ठेवलेलं. प्रयागला सगळं माहीत होतं!

म्हणजे उद्या माझी गाडी थांबली तर ती जगदेवच्या तेलाने थांबणार. त्यापेक्षा न थांबलेली बरी.

१८ जानेवारी.
मानोऱ्याकडे जाणाऱ्या एका माणसाच्या हाती डबा न उघडता परत पाठवला. निरोप: आमच्याकडे पुरेसं आहे.  संध्याकाळी प्रयाग एवढंच म्हणाली, "तुमाले त्याचं एवढं कायले पोळते?" मी म्हटलं, मला काही पोळत नाही, मी प्रिन्सिपलचा माणूस आहे.

२ फेब्रुवारी.
पेडल आता फळीपर्यंत जातं. कारण शोधलं. रोज चालवून माझा पाय मजबूत झाला आहे.

९ फेब्रुवारी.
गावच्या बाजारात कडब्याच्या गंजीत गाडी उभी केली. लोक म्हणतात घुसली. मी उभी केली. गंजी मऊ असते, गाडीला इजा होत नाही. गंजीवाल्याने आरडाओरडा केला, पण त्याला मोटारीतलं काय कळतं? कोंबडी एक मेली. ती आधीच आजारी वाटत होती.

रात्री जेवताना प्रयाग म्हणाली, मानोऱ्याला निरोप धाडू का, तेलाचा. मी ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो.

११ फेब्रुवारी, रविवार.
आज तेल घातलं. स्वतः. कुणाच्या सल्ल्याशिवाय.

रिसोडच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत ओळख आहे. तिथून मशिनला घालतात ते तेल आणलं. सोन्यासारखा रंग, मधासारखा दाटपणा. एवढं प्रचंड जिन ज्या तेलावर चालतं, त्यावर माझी मोटार चालणार नाही? जगदेवचं तेल पाण्यासारखं पातळ होतं. मी डबा हलवून पाहिला होता.

चटई काढली, फळी उचलली, बूच उघडलं. पुसायचं राहिलं. थोडी माती आत गेली. माती आपलीच आहे. डबी अगदी काठोकाठ भरली. बोटभर बाकी ठेवायला ती काय कुणाची उधारी आहे?

पेडल दाबलं. वर! टणक! प्रयागला बोलावून दाखवलं. तिला दाबायला लावलं. तिनेही मान्य केलं. नंतर विचारलं, कोणतं तेल घातलं? म्हटलं, उत्तम.

१३ फेब्रुवारी.
वाशीमला जाऊन आलो. ब्रेक असे लागतात की प्रयागचं कपाळ काचेला टेकलं. जगदेवच्या गाडीत असं कधी होत नाही.

५ मार्च.
ब्रेक दिवसेंदिवस ताकदवान होत चालले आहेत. आता पाय काढला तरी थोडे लागलेले राहतात. याला म्हणतात कंट्रोल. जगदेवची गाडी उतार आला की उधळलेल्या वासरासारखी पळते. माझी उतारावरसुद्धा चढ असल्यासारखी चालते.

२४ मार्च. धुळवड.
जगदेव आणि तुळसा रंग खेळायला केनवडला आले होते. पोराला घेऊन. प्रयागने दिवसभर पोराला खाली ठेवलं नाही. तोही तिच्याकडे गेला की रडत नाही. जगदेव लांबून पाहून हसत होता. आपलं आहे म्हणून हसत होता. मला कळतं.

जाताना जगदेवने माझ्या चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हणाला, "भाऊ, चाक भाजून राह्यलं ना हे! ब्रेक धरून तर नाई ना? एकडाव पाहू द्या." मी म्हटलं, उन्हात उभी आहे. म्हणाला, गाडी तर सावलीत आहे. मी म्हटलं, आत्ता सावलीत आली आहे.

याला माझ्या गाडीला हात लावल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

८ एप्रिल. पाडवा.
मोठी बातमी. वाशीमहून सासूबाईंचा निरोप आला. रंगूबाई म्हणजे प्रयाग आणि तुळसाची आई, एकट्या राहतात, दोन्ही लेकींत त्यांच्या शब्दाला फार मान. तुळसाला मूल व्हावं म्हणून त्यांनी पोहरादेवीला नवस बोलला होता. तो रामनवमीला फेडायचा. दोन्ही जावयांनी वाशीमला यावं, सगळे मिळून जाऊ.

म्हणजे दोन मोटारी. आणि सासूबाई एक.

प्रयाग म्हणाली, आई कोणत्याही गाडीत बसो, देवी तीच. बायकांना यातलं राजकारण कळत नाही.

१२ एप्रिल.
गाडी चिंच आणि राखेने घासली. आरशासारखी दिसते. मागच्या सीटवर नवी सतरंजी टाकली. जळका वास येतो आहे, पण तो इंजिनच्या जोराचा असावा. अत्तराचा फाया ठेवला.

१५ एप्रिल, सोमवार. वाशीम.
जिंकलो!

सासूबाईंच्या दारात दोन्ही गाड्या उभ्या. पोपट आणि मी. आम्ही दोघंही दार उघडून उभे. सासूबाईंनी एकदा हिरवीकडे पाहिलं, एकदा काळीकडे, आणि माझ्या बाजूला वळल्या. "मी इंद्रभानजवायाच्या गाडीत बसन." सगळ्या गल्लीने ऐकलं. मी जगदेवकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरं हाय, आमाले पोराचा पाळणा ठेवाले जागा झाली." काय सारवासारव!

उद्या पहाटे निघायचं. झोप येत नाही. आनंदाने.

१६ एप्रिल. रामनवमी. सकाळी.
मानोऱ्यापर्यंत उत्तम. सासूबाई मागे, प्रयाग पुढे. जगदेवची गाडी पुढे निघून गेली. जाऊ दे. ज्याच्याकडे प्रवासी महत्त्वाचा नाही तो पळतो. पुढल्या ओढ्याजवळ पाणी घालायला थांबलो आहे. चाकांतून थोडी वाफ दिसते आहे.

त्याच दिवशी, दुपारी.
वाफ नव्हती. धूर होता.

पोहरादेवीच्या रस्त्यावर, बंजाऱ्यांच्या तांड्याच्या अलीकडे, गाडी हळू हळू होत उभी राहिली. इंजिन चालू, गाडी उभी. पेडल दगडासारखं. जोर दिला तर इंजिन बंद पडलं. चारही चाकांनी रस्ता धरून ठेवला होता.

सगळी जत्रा बाजूने चालली होती. बैलगाड्या, घोडे, पायी माणसं. तांड्याचा नाईक सेवादास पाच-सहा गड्यांना घेऊन आला. त्यांनी ढकलली. इंचभर हलली नाही. सेवादास घाम पुसत म्हणाला, "पाटील, हे गाडी हाय का घर हाय?" लोक हसले. मी पण हसलो. मोठ्या माणसाने हसण्यावारी न्यावं.

मी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, जरा बसा, हिचे ब्रेक फार पॉवरबाज आहेत, थंड झाले की सुटतील. त्या उतरल्या. पदराने तोंडावरची धूळ पुसत म्हणाल्या, "जवाईबापू, मी तुमच्या गाडीत म्हून बसली का तुमची गाडी बैलापरीस हळू चालते. जगदेवच्या गाडीत माहा जीव घाबरते. पण हे तं चालतच नाई ना बापा." आणि तिथल्याच एका गाडीवाल्याला हाक मारून चढल्या. प्रयागही गेली. तिने एकदा वळून पाहिलं.

बैलगाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. मी गाडीची राखण करायला थांबलो. कुणीतरी थांबायलाच हवं होतं.

म्हणजे हळू चालते म्हणून. हळू चालते म्हणून!

त्याच दिवशी, संध्याकाळी.
जगदेव परत आला. एकटाच. सगळ्यांना देवळात ठेवून. मी म्हटलं, मला काही मदत नको. तो म्हणाला, "मदत कोठी करून राह्यलो? जेवाले आणलं." फडक्यात पुरणपोळ्या होत्या. नवस फेडून झाला होता. पोराने देवीसमोर काय काय केलं ते सांगत होता. मी पोळीकडे पाहत होतो.

मग पान्हा घेऊन चाकाखाली शिरला. प्रत्येक चाकामागे एक लहान स्क्रू असतो. तो ढिला केला तसं पिचकारीसारखं तेल उडालं आणि चाक मोकळं झालं. तेल बोटाला लावून त्याने वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा सगळ्या तालुक्याला सांगणार.

तो एवढंच म्हणाला, "हे तेल रबराले फुगवते, भाऊ. मी सांगतलं होतं संक्रांतीले."

ऐकलं असतं, पण मिशी.

१७ एप्रिल. मानोरा.
सेवादासने दोन जोड्या बैल दिले. पुढे बैल, मागे उतारावर गाडी धावू नये म्हणून दोर धरलेली चार माणसं, आणि स्टिअरिंगवर मी. ब्रेक अजिबात नाहीत. तरी गाडी व्यवस्थित चालवली. हॉर्न वाजवायची गरज पडली नाही. बैलांना घुंगरं होती.

सगळं मानोरा पाहत होतं. गाडी जगदेवच्या अंगणात नेऊन उभी केली. त्याच्या हिरवीच्या शेजारी. दुसरी जागाच नव्हती.

२० एप्रिल.
वाशीमहून अन्सार मिस्त्री आला. आवाज असा की मानोऱ्याचा बाजार थांबावा. त्याने डबी उघडली, चाकं उघडली. आतली रबरी वाट्यांसारखी वॉशरं फुगून गुलगुल्यांएवढी झालेली. त्याने ती हातावर ठेवून शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवली. ओरडला, "अरे ये तो भजिये तले हैं किसीने! कौनसा तेल डाला, सेठ?" मी म्हटलं, हवा वाईट आहे सध्या. तुळसा आत पळाली. हसण्याचा आवाज आला.

नवी वॉशरं मुंबईहून यायची. लढाई चालू आहे, वेळ लागेल. तोपर्यंत मी कुठे? इथेच. केनवडला बैलगाडीने जाणं माझ्या पोझिशनच्या माणसाला शोभत नाही.

२८ एप्रिल.
जगदेव मला अंगणातली सगळ्यात चांगली बाज देतो. जेवताना तूप आधी माझ्या ताटात. सगळं मुद्दाम. मला लाजवायला. एवढा चांगुलपणा कुणी फुकट करत नाही. आज त्याने माझे पायसुद्धा चेपून दिले असते, मी वेळीच कूस बदलली.

६ मे.
पोरगं माझ्या बिघडलेल्या गाडीत बसलं की गप्प बसतं. मला बसून राहावं लागतं, नाहीतर पडेल. आज बराच वेळ बसलो. स्टिअरिंग धरून तोंडाने भुर्रर करतं. मी पण केलं. कुणी पाहिलं नाही.

प्रयागने पाहिलं होतं. मी वर पाहताच ती खिडकीतून मागे सरली.  मी पुन्हा स्टिअरिंग धरलं. 

१८ मे.
जगदेवला कशाचाच हेवा कसा वाटत नाही, हे शोधून काढायचं ठरवलं. आज मुद्दाम सांगितलं, माझ्या गाडीचं इंजिन त्याच्यापेक्षा जोरदार आहे. म्हणाला, "असंन." मग सांगितलं, सासूबाई माझ्या गाडीत बसल्या होत्या. म्हणाला, "हो ना, बरं केलं." याच्याशी बोलणं म्हणजे कापसावर काठी मारणं.

१ जून.
वॉशरं आली. अन्सारने बसवली. नव्या तेलाचा डबा जगदेवने काढला. नको म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

तेल मी घालणार, असं मी म्हटलं. प्रयाग पुढे झाली. चटई काढली, फळी उचलली, बूचाभोवतीची धूळ पुसली, बूच फिरवलं, तेल ओतलं, बोटभर खाली ठेवून थांबली. जगदेवने फक्त मान हलवली. हे तिने शिकून घेतलं कधी? संक्रांतीलाच, म्हणाली. वाकून बघत होते ना.

पेडल दाबलं. छान. ना दगड, ना चिखल.

८ जून.
उद्या निघायचं. आभाळ भरून आलं आहे, पेरणी तोंडावर आहे.

संध्याकाळी अंगणात मी आणि जगदेव दोघंच. मनाचा हिय्या करून विचारलं. म्हटलं, खरं सांग, माझी गाडी पहिल्यांदा पाहिलीस तेव्हा तुला काय वाटलं? मोकळेपणाने सांग. मला वाईट वाटणार नाही.

त्याने खरोखर विचार केला. मला वाटलं, आता कबूल करतो. म्हणाला, "वाटलं का ब्रेकचं तेल पाह्यलं पायजे."

आणखी? मी म्हटलं.

"आन काय? प्रयागवहिनी पुढं बसल्या होत्या. काळजी वाटली."

बस. एवढंच. सहा महिने मी ज्याच्याशी शर्यत लावत होतो, त्याला शर्यत आहे हे माहीतच नव्हतं. मी एकटाच पळत होतो. ब्रेक लागलेले असताना.

मग तो म्हणाला की आपण मोटार विकून राह्यलो. कारंज्याचा एक व्यापारी घेतो आहे. त्या पैशात विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं, संत्र्याचा बगीचा करायचा. पोरगा मोठा होईस्तोवर झाडं फळाला येतील.

हिरवी जाणार. तालुक्यात आमच्या नात्यात फक्त माझी मोटार राहणार. हेच तर मला हवं होतं. रात्रभर या गोष्टीचा आनंद व्हायची वाट पाहिली.

९ जून, रविवार. केनवड.
आलो. ब्रेक उत्तम. पाय लावला की थांबते, काढला की सुटते. वाटेत सासूबाईंना वाशीमला सोडलं असतं, पण त्या आधीच बैलगाडीने गेल्या होत्या.

निघताना जगदेवच्या विहिरीवर गेलो होतो. नवीन इंजिनचा पाया खणून ठेवला आहे. नमुना म्हणून शेजारच्या गावाहून मागून आणलेलं इंजिन चालू करून दाखवलं त्याने. पाणी असं धबाधबा पडत होतं की पाहत राहावं. पोरगं टाळ्या वाजवत होतं. प्रयागही हसत होती. तिला अशी हसताना मी मोटारीत कधी पाहिली नाही.

सगळ्या रस्त्यात मी विचार करत आलो. घरी पाय टाकताच प्रयागला सांगितलं की मोटार वगैरे आता जुनी झाली. खरी प्रगती पाण्यात आहे. आपणही आपल्या विहिरीवर इंजिन बसवू. जगदेवपेक्षा मोठं. पावसाळा संपताच.

प्रयाग पायांवर पाणी घेत होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आपल्या वावरात विहीर कोठी हाये?"

हे खरं आहे.